व्हेराबाईंच्या डोंगरातली बँक

निघताना नागपूरच्या विमानतळावर बायकोने मला जे बजावलं ते सामानाबद्दल नव्हतं, माझ्या तोंडाबद्दल होतं. मुक्ताकडे जाऊन भाषणं ठोकायची नाहीत, पोर एकटी राहते, चार दिवस करून घाला, फिरा आणि गुमान परत या. हिला विमानाची धास्ती, म्हणून मी एकटाच निघालो होतो. मी कबूल केलं. म्हणजे मान हलवली.

आता यामागची गोष्ट सांगायला हवी. माझी सगळी नोकरी सरकारी बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी युनियनमध्ये. 'खासगीकरण' हा शब्द कानावर पडला की माझा पारा चढतो, हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. अन् आमच्या एकुलत्या एका लेकीने अर्थशास्त्र शिकून काय करावं? तर कार्डिफच्या विद्यापीठात बसून, ज्या देशांत काल-परवापर्यंत साम्यवाद होता तिथल्या सरकारी बँका कशा सावरायच्या आणि कोणाला विकायच्या, याचे सल्ले द्यावेत. देवाला विनोदबुद्धी आहे, दुसरं काय. या विषयावरून फोनवर आमचं दोनदा कडाक्याचं वाजलं होतं, आणि त्यानंतर आम्ही फक्त हवामानावर बोलत होतो. ही गोष्ट दोन हजार चार सालची, मे महिन्यातली.

हीथ्रोला उतरलो तेव्हा अंगात नागपूरचा उन्हाळा होता आणि बाहेर आमच्या डिसेंबरपेक्षा जास्त गारठा. तिथून कार्डिफची बस घेतली. खिडकीबाहेर हिरवं, मग आणखी हिरवं, मधे मेंढ्या. सेव्हर्न नदीवरचा लांबलचक पूल आला तिथे शेजारच्या गृहस्थाने माहिती पुरवली की वेल्समध्ये शिरताना टोल पडतो, बाहेर पडताना नाही. हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मीही मान डोलावली. पलीकडे गेल्यावर पाट्या दोन भाषांत सुरू झाल्या. रस्त्यावर ठिकठिकाणी 'अराव' (हळू) असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

बस स्टेशनवर मुक्ता उभी होती. वाळली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाबा, वाळले आहात तुम्ही." मग दोघंही हसलो आणि तेवढ्यावर निभावलं. तिचं घर रोथच्या तळ्याजवळ, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या घरांतलं एक. पिशवीतून मी सांडगे, तिखट आणि संत्र्याची बर्फी काढली. ती ओट्याला टेकून उभ्या उभ्याच बर्फी खात राहिली, लहानपणी खायची तशी.

पहिले काही दिवस मी एकटाच भटकलो. मुक्ता कामावर गेली की छत्री घ्यायची आणि निघायचं. कार्डिफच्या जुन्या मंडईत खाली मासळी, वर जुनी पुस्तकं आणि रेकॉर्डी. तिथल्या एका बाईने मला शिंपल्यांची वाटी चाखायला दिली आणि माझं तोंड बघून वर व्हिनेगर ओतलं, त्याने प्रकरण आणखी बिघडलं. पेनार्थच्या धक्क्यावर मात्र मी रमलो. समुद्र असा काही निळा नाही, मातकटच आहे, पण बाकावर बसलेली म्हातारी मंडळी थर्मासमधला चहा पीत त्याच्याकडे अशी बघत असतात की आपल्यालाही बसावंसं वाटतं. अनोळखी बायका मला सर्रास 'लव्ह' म्हणत. पहिल्यांदा मी दचकलो. नंतर कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

रविवारी मुक्ताने एका पाहुणीला जेवायला बोलावलं. तिचं नाव व्हेरा. देशाचं नाव मी लिहीत नाही, मुलीच्या कामाचा भाग आहे तो. तिकडच्या सरकारी बचत बँकेत व्हेराबाई शाखांच्या प्रमुख. साठीला आलेल्या, आखूड पांढरे केस, हात शेतकरणीसारखे. बँकेच्या विक्रीचा आराखडा मुक्ताबरोबर बसून पुरा करायला त्या काही आठवड्यांसाठी आल्या होत्या. मी वरणफळं (वरणात शिजवलेले कणकेचे तुकडे) केली होती. त्यांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि मुक्ताला काहीतरी विचारलं. त्यांची आई हेच करते म्हणे, फक्त तूरडाळीऐवजी घेवड्याचे दाणे घालते.

मग आईचा विषय निघाला. व्हेराबाईंची आई ऐंशीच्या पुढची, डोंगरातल्या गावात एकटी राहते. गावात दुकान एक, देऊळ बंद पडलेलं, आणि बचत बँकेची एक खोली. दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांमधून म्हातारी माणसं त्या खोलीत येतात. आत शेगडी असते, बाकं असतात. थंडीत एखादा आला नाही तर खिडकीवरची मुलगी संध्याकाळी त्याच्या घरी डोकावून येते. व्हेराबाईंची पहिली नोकरी त्याच खिडकीवरची. आणि जो कोणी ही बँक विकत घेईल त्याला असल्या डोंगरातल्या खोल्या नको होत्या. त्या कमावत नव्हत्या.

मी मुक्ताकडे बघितलं. ती ताटात बघत होती. माझ्या जिभेवर सगळी युनियन येऊन बसली होती. कसंबसं आवरलं आणि व्हेराबाईंना एवढंच म्हणालो की विकूच नका, आम्ही आमची विकू दिली नाही.

व्हेराबाई हसल्या. म्हणाल्या, "विकायलाच हवी. आमची बँक चोरांनी खाल्ली आहे. कारखान्यांच्या साहेबांनी कर्जं घेतली, फेडली नाहीत, आणि एका हिवाळ्यात माझ्या आईची सगळी बचत एका पावाच्या किमतीची झाली. मला बँक नको आहे. मला त्या खोल्या हव्या आहेत." इंग्रजी शब्द सापडेपर्यंत त्या थांबत थांबत बोलत होत्या, पण अडखळत नव्हत्या. मी त्यांना आणखी वाढलं.

पुढच्या आठवड्यात मुक्ता आम्हा दोघांना गाडीने व्हॅलीजमध्ये घेऊन गेली. कार्डिफच्या उत्तरेला या दऱ्या आहेत. एके काळी सगळा कोळसा इथून निघे, आता खाणी बंद. रस्ता नदीच्या कडेने वर चढतो, दोन्ही बाजूंच्या उतारांवर घरांच्या रांगा, आणि मेंढ्या गावातल्या फुटपाथवरून पालिकेच्या नोकरांसारख्या निवांत फिरतात. आम्ही गेलो त्या गावाच्या नावात एवढी व्यंजनं आहेत की ते लिहायच्या फंदात मी पडत नाही. तिथली बँकेची शाखा बंद होऊन तिच्या जागी गालिच्यांचं दुकान आलं होतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा बँकेची व्हॅन येते, अर्धा तास थांबते आणि पुढच्या गावाला जाते. असाच उपाय डोंगरात करता येईल, हे मुक्ताला दाखवायचं होतं.

व्हॅन चौकात उभी होती. भुरभुर पाऊस. व्हॅनच्या दाराला दोन उंच पायऱ्या आणि बाहेर म्हाताऱ्या माणसांची रांग, एकामागे एक, कोटाच्या कॉलरी वर करून. दहा पावलांवर बसचा छान निवारा, आत लांब बाक, आणि तो रिकामा. सगळे भिजत उभे, कारण रांग म्हणजे रांग.

मला राहवलं नाही. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी आम्ही काय करायचो, तर म्हाताऱ्यांची पासबुकं गोळा करून खिडकीवर एकावर एक ठेवायचो, त्यांना पंख्याखाली बसवायचो आणि नंबर आला की हाक मारायचो. मी सरळ रांगेपाशी गेलो आणि म्हणालो, आजी, पासबुक द्या माझ्याकडे, तुम्ही आत जाऊन बसा. एका म्हाताऱ्याने कोटाचा खिसा हाताने दाबून धरला. लाल रेनकोटवाल्या एका बाईंनी मला विचारलं, "तू कोण आहेस, लव्ह?"

मी म्हणालो, "मी बँकेतला आहे."

यात खोटं काय होतं? पण व्हॅनमधल्या कॅशियरने डोकं बाहेर काढलं, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि हा आमचा माणूस नाही, असं जाहीर केलं. परका माणूस, भर चौकात, म्हाताऱ्यांकडून बँकेची पुस्तकं मागतो आहे. एकाने तर फोन काढलाही. मुक्ता धावत आली. तिचे कान लालभडक झाले होते. माफी मागत ती सांगत होती की हे माझे वडील आहेत, भारतात बँकेत होते, रिटायर्ड आहेत, they mean well. माझ्याबद्दल तिच्या तोंडून बहुवचन ऐकून लोक आणखीच गोंधळले.

तेवढ्यात व्हेराबाई पुढे झाल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटचं कोण?" त्यांच्या देशात रांग अशीच लागते. आत यायचं, शेवटचं कोण ते विचारायचं, तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग हवं तिथे जाऊन बसायचं. आपल्या आधीचा उठला की आपण उठायचं. एका म्हाताऱ्याने शाळेतल्यासारखा हात वर केला. व्हेराबाईंनी त्याला बोट दाखवून त्याच्या पुढचा कोण, त्याच्याही पुढचा कोण, हे सगळ्यांना समजावलं आणि स्वतः जाऊन बाकावर बसल्या. मग त्या लाल रेनकोटवाल्या बाई (ग्वेनबाई, हे नाव नंतर कळलं) त्यांच्या मागोमाग गेल्या, म्हणाल्या, माझे गुडघे तर केव्हाचे हेच म्हणताहेत. हळूहळू सगळी रांग बाकावर आली. जागा अपुरी पडली तशी माणसं सरकली.

आणि बसल्याबरोबर बोलू लागली. उभी होती तोवर एकमेकांच्या पाठीच बघत होती. आता कोणाची सून कशी आहे, कोणाला कार्डिफच्या हॉस्पिटलात भारतीय डॉक्टर मिळाला, कोण दोन आठवडे दिसला नाही, सगळं निघालं. ग्वेनबाईंनी पिशवीतून 'बारा ब्रीथ' नावाचा मनुका घातलेला गोडसर पाव काढून मला पहिला तुकडा दिला. म्हणाल्या, चोराने खाल्ला तरी चालेल.

अर्धा तास झाला आणि व्हॅनचं दार बंद झालं. ती वळणावर दिसेनाशी होत असताना वरच्या गल्लीतून एक म्हातारबाबा काठी टेकत उतरताना दिसले. त्यांनी हात वर केला, पण व्हॅन गेली होती. ग्वेनबाई म्हणाल्या, तो एम्लिन, त्याचं असंच होतं, पाय चालत नाहीत आणि व्हॅन थांबत नाही. मी एम्लिनबाबांबरोबर परत वर चढलो. म्हातारबाबा खाणीतले, दर चार पावलांनी श्वास घ्यायला थांबत. गालिच्यांच्या दुकानापाशी आल्यावर काचेतून आत बोट दाखवून त्यांनी मला सांगितलं की तिथे हीटर होता आणि त्याच्याशेजारी त्यांची खुर्ची. मॅनेजर काही बोलायचा नाही. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. खाली आलो तेव्हा ग्वेनबाई व्हेराबाईंना 'कुच' देत होत्या. कुच म्हणजे कुशीत घेणं, पण इकडे हा शब्द म्हणताना लोकांचा आवाजच मऊ होतो.

परतीच्या वाटेवर मी मुक्ताशेजारी पुढे बसलो. निम्म्या वाटेवर मुक्ताच म्हणाली, "बोला ना बाबा. किती दिवस गप्प बसणार आहात? आईने सांगितलंय ना?"

मी म्हणालो, "मला काही बोलायचं नाही. तुला दिसलं ते मलाही दिसलं."

"दिसलं," ती म्हणाली. "पण खुर्चीला कोणी पैसे देत नाही, बाबा. ते कुठून आणू ते सांगा मला." चिडून नाही, खरंच विचारत होती. व्हेराबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. मला लेकीची फार दया आली. फोनवर तिच्याशी भांडताना ही पैसे मोजणाऱ्यांच्या बाजूची आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती मधे उभी आहे आणि दोन्हीकडून ओढली जाते आहे, हे मला गाडीत शेजारी बसल्यावर कळलं.

त्यानंतरचे दिवस ती घरी येऊनही कॉम्प्युटरसमोरच असे. मी पोळ्या करायचो, ती एका हाताने खायची. शेवटी तिने आराखड्यात एक अट घातली: जो बँक घेईल त्याने डोंगरातल्या काही खोल्या पाच वर्षं तरी चालवायच्या, त्याचा खर्च सरकारने किमतीतून वळता करून द्यायचा. तिच्या वरिष्ठांना ते पटेना. त्यांच्याशी ती अशी भांडली म्हणे की शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घेऊ लागली. हे तिने सांगितलं तेव्हा मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो. भांडण तिने माझ्याकडूनच घेतलं आहे, एवढं मी छाती ठोकून सांगतो.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी व्हेराबाई आल्या. अट मान्य होण्यासारखी दिसत होती. सगळ्या खोल्या नाही, निम्म्यापेक्षा थोड्या कमी. कुठल्या, ते ठरवायचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं. मुक्ताने आपल्या कच्च्या मसुद्यात त्यांच्या आईचं गाव राहणाऱ्यांत धरलं होतं. मी दोन्ही हात जोडून त्यांना सांगितलं की आईला माझा नमस्कार सांगा आणि पेन्शनच्या दिवशी माझ्या नावाने बाकावर एक जागा धरायला सांगा. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

बस स्टेशनवर मुक्ता आणि मी पुन्हा हवामानावर बोलायला लागलो. बस सुटायच्या बेताला आली तेव्हा मी म्हटलं, "तुझं काम फार अवघड आहे गं." ती लहान पोरीसारखी रडली. परत पुलावर टोल लागला नाही.

नागपूरला पोहोचलो तर अंगणातल्या फरश्या तापलेल्या. हिला सगळं सांगितलं, पासबुकांचा प्रकारही. ती पोट धरून हसली. युनियनच्या कचेरीतून विचारणा आली की तिकडे पाहून आलात, खासगीकरणावर दोन शब्द बोला. मी तब्येतीचं कारण सांगितलं. दोन शब्दांत बसेल असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हा मुक्ताचा फोन आला. सह्या झाल्या होत्या. बँक विकली गेली, अट राहिली, डोंगरातल्या काही खोल्या राहिल्या. मी पहिला प्रश्न विचारला तो व्हेराबाईंच्या गावाचा.

"नाही राहिलं, बाबा," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं. तिने स्वतः काढलं."

मी विचारलं, का गं.

"पलीकडच्या खोऱ्यात एक गाव आहे, त्याला ठेवलं त्याऐवजी. म्हणाली, आमच्या गावाला दिवसातून एक बस तरी आहे, त्यांना तीही नाही. मी खूप म्हटलं, व्हेरा, तुझी आई आहे तिथे. तर म्हणाली, म्हणूनच." मग मुक्ताने विचारलं, "बाबा, मी काय करायला हवं होतं?"

आयुष्यभर मी गेटवर उभा राहून 'एकही शाखा बंद होऊ देणार नाही' असं ओरडलो, आणि ते योग्यच होतं, आजही ओरडेन. पण कुठली ठेवायची आणि कुठली जाऊ द्यायची, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मुक्ताला मी म्हणालो की तू काही चुकली नाहीस, बाळा. मग विचारलं, आईला कळलं का त्यांच्या?

"नाही अजून. फोनवर सांगायचं नाही म्हणते. रविवारी बसने जाणार आहे वर."

त्या रविवारी मी सकाळपासून ओसरीवर बसून होतो. पेपर उघडला, वाचला नाही. ही दोनदा बाहेर येऊन बघून गेली, मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, बरं वाटत नाही का?

मी म्हटलं, "बस पोहोचली असेल आता."

तिने खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसली.